रांजणात उतरलेल्याने गात राहावं

तेदोचे खांदे अरुंद होते आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता. खेविसपिरी गावातले बाकीचे पुरुष छाती काढून चालायचे. तेदो मात्र मोकळ्या रस्त्यावरूनसुद्धा खांदे आत ओढून जायचा, जणू पुढ्यात रांजणाचं तोंडच आहे. बापाचे खांदे तसेच, आज्याचे तसेच. "आमच्यात पोरगं जन्मलं की आधी खांदं बघत्यात," तो सांगायचा, "नाकडोळे काय, असले तर असले."

जॉर्जियातल्या आमच्या काखेती भागात वाइन होते ती जमिनीच्या पोटात. मातीचे रांजण गळ्यापर्यंत पुरलेले असतात, आणि आत उभ्या माणसाने हात वर केला तरी काठ सापडू नये एवढे खोल. शरदात तुडवलेली द्राक्षं साली-बियांसकट त्यात ओतायची, वर दगडी झाकण, झाकणावर माती. वसंतात उपसायचं. आणि उपसलेल्या रांजणात तेदो उतरल्याशिवाय पुढचा हंगाम नाही. चेरीच्या सालीची घासणी, चुन्याचं पाणी आणि मग साध्या पाण्याच्या सात धुण्या. सातव्या धुण्याचं पाणी रांजणधुव्याने सगळ्यांदेखत प्यायचं. त्याने तोंड वाकडं केलं तर धुणं पुन्हा पहिल्यापासून. सत्तावन्न वर्षांच्या वयात तेदोने जेवढं रांजणाचं पाणी प्यायलं होतं तेवढं विहिरीचं प्यायलं नसेल.

पण खरी गोष्ट गाण्याची. रांजणाच्या तळाशी एक जड हवा बसलेली असते. तिला वास नसतो, रंग नसतो, ती माणसाला नुसती झोपवते. म्हणून आत उतरलेल्याने गात राहायचं, आणि वर काठाशी बसलेल्याने ऐकायचं. नुसतं ऐकायचंही नाही, घुमारा धरायचा, म्हणजे गाण्याखाली खर्जात एकच लांब सूर. आमच्याकडे एकट्याने गाणं म्हणजे एका पायाचं स्टूल. आतलं गाणं थांबलं की वरच्याने वीसपर्यंत मोजायचं आणि कमरेचा दोर ओढायचा.

तेदोला बायको मिळाली ती ह्याच कामात. शेजारच्या गावात एका घरी तो रांजणात उतरला होता आणि वर त्या घरची थोरली मुलगी, नुत्सा, दोर धरून बसली होती. घुमारा असा देत होती की रांजणाची भिंत अंगाला गुदगुल्या करत होती. तेदोला लहर आली. पोरगी किती शूर आहे बघू म्हणून तो गाता गाता गप्प झाला. मनात मोजायला लागला. नवावर पोचला तेव्हा वरून विहिरीच्या गार पाण्याची अख्खी बादली त्याच्या डोक्यावर आली, आणि पाठोपाठ दोराला असा हिसका बसला की तो काठाला घासून हनुवटी सोलत बाहेर आला.

"वीस मोजायचं असतंय," तेदो थुंकी गिळत म्हणाला.

"माझं झालं मोजून," नुत्सा म्हणाली.

तेदो गारद झाला तो त्याच दिवशी. पुढच्या शरदात लग्न झालं, आणि त्यानंतर तेदो कुठल्याही रांजणात उतरो, काठावर नुत्साच बसायची. लोक म्हणायचे, तेदोला बोलावलं की गाण्याची पंगत फुकट मिळते.

आणि मग मॉस्कोहून हुकूम आला.

हुकूम रेडिओवर आला तेव्हा गावाला वाटलं, हा काही आपल्यासाठी नाही. "दारू बंद म्हणत्यात," तेदो म्हणाला. "आपण कुठं दारू पितो? आपण वाइन पितो." पण पुढच्या वसंतात सामुदायिक शेतीच्या उतारावर ट्रॅक्टर चढले. चाळीस वर्षांचे पांढऱ्या द्राक्षाचे वेल मुळांसकट उपटून बांधावर रचले गेले. ट्रॅक्टरवाला दर ओळीच्या शेवटी खाली उतरायचा, टोपी काढायचा, पुन्हा घालायचा आणि पुढची ओळ धरायचा. गावच्या वाइनच्या कारखान्यात द्राक्षाचा रस बाटल्यांत भरायला लागले. तो रस इतका झाला की शाळेत पोरांना, दवाखान्यात रोग्यांना, आणि शेवटी डुकरांना पाजला. डुकरांनी दोन दिवस प्यायला, तिसऱ्या दिवशी पाठ फिरवली. कारखान्याचे रांजण रिकामे पडले. एकात कुणी रॉकेल भरून ठेवलं. ते कळलं त्या दिवशी तेदो जेवला नाही. त्याला बाटल्या धुवायला बसवलं. "बाटलीत काय उतरता येत न्हाई," तो नुत्साला म्हणाला, "आणि गाणं म्हटलं तर शेजारची बाई म्हणते डोकं दुखतंय."

घरचं थोडंफार करायला बंदी नव्हती म्हणे, पण थोडंफार म्हणजे किती ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्याच्या हातात वही त्याच्या मनावर ते होतं. खालच्या गावात एकाचा अख्खा रांजण ओढ्यात ओतला. ओढ्याकाठची बदकं संध्याकाळपर्यंत उलटी पोहत होती असं लोक सांगायचे.

तेदोची झोप उडाली ती एतेरीच्या रांजणापायी. एतेरी त्याची एकुलती एक लेक. ती जन्मली त्या शरदात त्याने घरचं सगळ्यात चांगलं द्राक्ष वेगळं काढलं, परसातल्या चार रांजणांपैकी कोपऱ्यातल्या रांजणात भरलं आणि पुढे निथळून, बंद करून टाकलं. लेकीच्या लग्नाला उघडायचं. तेवीस वर्षं दर वसंतात त्याने झाकणाची माती ओली करून थापली होती. वाळून भेग पडली तर वारा आत जातो. आता एतेरीचं लग्न ठरलं होतं. नवऱ्या मुलाचं नाव गेला, गावच्या शाळेत मास्तर, स्वभावाने चांगला. पण मास्तर सरकारी. त्याला वरून निरोप आला होता: लग्न करा, पण चहावर करा. तालुक्यात आदर्श म्हणून नाव छापू. नाही जमलं तर शाळेतल्या जागेचं बघावं लागेल.

"मामंजी," गेला मान खाली घालून म्हणाला, "मला काय, मी पाण्यावर पण लग्न करीन. पण तुमचा रांजण..."

"तू गप," तेदो म्हणाला. "रांजणाचं मी बघतो."

त्याने कोपऱ्यातल्या रांजणावर आणखी वीतभर माती टाकली, त्यावर फळ्या, फळ्यांवर कोंबड्यांचं खुराडं. खुराड्यात एक खुडूक कोंबडी बसवली. ती इतकी तिरसट होती की तिच्याजवळ तेदोही काठी घेऊन जायचा.

लग्नाला चार दिवस उरले असताना तो मधल्या रिकाम्या रांजणात उतरला. रांजण उघडून वाइन उपसायची म्हटलं तर आधी धुतलेला दुसरा रांजण हवा, म्हणजे उरलेली त्यात ठेवता येईल. सकाळची वेळ होती. नुत्सा काठावर, दोर तिच्या मनगटाला. तेदो घासत होता, नांगरटीचं जुनं गाणं म्हणत होता, आणि नुत्साचा घुमारा वरून भिंतीवर उतरत होता. गेल्या दीड वर्षात तो एवढा खूश झाला नव्हता.

घुमारा एकदम तुटला.

"तेदो, गप," नुत्सा काठावर वाकून कुजबुजली. "बेसो येतोय. संगट कुणीतरी वहीवाला हाय."

बेसो म्हणजे गावचा शिपाई, नुत्साचा भाचा. तो फाटकापासूनच मोठ्यांदा खोकत येत होता, जणू क्षयाचा रोगी. तेदोने घासणी पोटाशी धरली आणि तळाशी उकिडवा बसला. वर आभाळाचा गोल तुकडा, ताटाएवढा. रांजणात बाहेरचे आवाज गोल होऊन येतात. बुटांचा आवाज आला, एक जोडी ओळखीची, एक नवीन.

"आत्या, हे तालुक्याचे साहेब," बेसो म्हणाला. "वालेरियान साहेब. लग्नाचं बघायला आलेत."

"नमस्कार बाई," एक बारीक, कोरडा आवाज आला. "यजमान कुठे आहेत?"

"गेल्यात की," नुत्सा म्हणाली. "गेल्यात कुठंतरी."

"बरं. मी बसू का जरा? चढ फार आहे तुमच्याकडे."

साहेब बसले. बाक कुरकुरलं. तेदोने मनात मोजायला सुरुवात केली, कारण नुत्साही मोजत असणार हे त्याला ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांत त्या बाईच्या कानाला एकच सवय लागली होती: खालचं गाणं थांबलं की माणूस मरतो. तिनेच त्याला गप केलं होतं, पण कानाला ते कोण सांगणार. एक, दोन, तीन.

"गावच्या कागदावर तुमचे चार रांजण आहेत," साहेब वही चाळत म्हणाले. "इथे तीन तोंडं दिसतात."

चार, पाच.

"एक फुटला," नुत्सा म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता.

"कधी?"

"झालं की... झाले असतील..." सहा. सात. "बेसो, तूच सांग की कधी ते."

"मी तेव्हा पोटात होतो आत्या."

"आणि ते खुराडं," साहेब म्हणाले, "नवीन दिसतंय. फळ्या ताज्या आहेत."

आठ. तेदोला वर नुत्साच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. नऊ म्हणताच तो डोक्यावर हात घेऊन बसला.

"गा रे," नुत्सा काठावरून आत ओरडली. "गा, मेल्या, गा. जीव घेतोस का माझा?"

तेदोपुढे आता काही उरलंच नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं. मोठ्याने, कारण लपवायचं ते लपवून झालं होतं. रांजण भरला, परसात गाणं उसळलं. एक ओळ झाली, दुसरी झाली. नुत्सा रडत होती वाटतं, तिचा घुमारा काही येईना. गाणं एका पायावर डुगडुगायला लागलं.

आणि तेवढ्यात खालच्या सुराचा आधार आला. घुमारा. पण नुत्साचा नव्हे. बारीक, कोरडा, आणि सुरात पक्का. तेदो घासायचा थांबला, गायचा मात्र थांबला नाही. तो आवाज ओळीच्या शेवटी बरोबर अर्ध्या पावलाने खाली उतरला, जसं आपल्याकडे उतरतात. साहेब गात होते. वही मांडीवर, पेन्सिल बोटात, डोळे मिटलेले, असं बेसोने नंतर सगळ्या गावाला करून दाखवलं.

गाणं संपलं. मग साहेब खोकले, आणि हे खोकणं बेसोपेक्षाही खोटं होतं.

"बाई," ते म्हणाले, "रांजणात कोण आहे?"

"नवरा हाय माझा."

"काय करतोय?"

आता नुत्साचं डोकं परत जागेवर आलं होतं. "रांजण धुतोय. चारशे माणसांचं लग्न साहेब, आणि चहावर. तुम्हीच सांगितलं. चारशे माणसाच्या चहाला पाणी कशात साठवू? माझ्याकडं काय, दोन कळश्या."

बेसोला खरा खोकला लागला.

"पाण्यासाठी," साहेब म्हणाले.

"सातव्या धुण्याचं पाणी हा स्वतः पितो. तुम्ही बघा पाहिजे तर."

पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज रांजणाच्या तळापर्यंत आला. मग साहेब काठाशी आले. आभाळाच्या ताटात चष्म्याचं एक तोंड उगवलं. "आवाज चांगला आहे तुमचा," ते तोंड म्हणालं. "मी रविवारी येतो. चहा प्यायला."

ते गेल्यावर नुत्साने त्याला वर ओढलं आणि काठावरच बसून राहिली. "माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "आता तो रविवारी येऊन बसणार. कोपऱ्याला हात लावायचा न्हाई आपण. पोरीच्या लग्नाला पोरीचा रांजण बंदच ऱ्हाणार."

तेदो पाय पुसत होता. "नऊ मोजलंस," तो म्हणाला.

"आठ."

"नऊ. मी पण मोजत होतो."

मग दोघं हसायला लागली, आणि हसता हसता नुत्साचे डोळे पुन्हा भरले. रविवारी काय करायचं ते मात्र दोघांनाही सुचलं नाही.

सुचलं शनिवारी सकाळी. तेदोला राहवेना. एवढी वर्षं थापलेली माती, आत काय झालंय ते तरी कळू दे. आंबून गेलं असेल तर दुःख करायलाही मोकळे. त्याने हातावर पोतं गुंडाळून कोंबडी उचलली, तरी तिने मनगटाचा तुकडा घेतलाच. फळ्या काढल्या, माती खरवडली, झाकण सरकवलं. तो वाकला आणि तसाच राहिला. आक्रोडाचा वास, वाळल्या जर्दाळूचा, मेणाचा, आणि खाली कुठेतरी त्या शरदाचा, ज्यात त्याने न्हाऊन आलेली एवढीशी लेक कोटात गुंडाळून ह्या परसात आणली होती. त्याने वाळलेल्या भोपळ्याचा ओगराळा आत सोडला, भरून काढला आणि घरातून आलेल्या नुत्सापुढे धरला.

तिने कप आणला होता. काचेचा. त्यात ओतलं. साली-बियांसकट मुरलेली आमची वाइन पांढरी नसते. ती असते पिवळसर तांबूस. तेवीस वर्षांनी ती आणखी गडद झाली होती. नुत्साने कप उन्हात धरला, चारी बाजूंनी फिरवून फिरवून बघितला.

"तेदो," ती शेवटी म्हणाली, "गावात किटल्या किती असतील रं?"

गावात किटल्या एकशे अकरा निघाल्या. पांढऱ्या, निळ्या, टवके उडालेल्या, एक तर दवाखान्यातली. रविवारी परसात आक्रोडाखाली लांबच लांब टेबलं लागली, मांस भाजल्याचा धूर उठला, पनीर, कोथिंबीर, गरम भाकऱ्या, आणि दर चार माणसांमागे एक किटली. टेबलाच्या टोकाला नुत्साचा भाऊ शाक्रो तमादा म्हणून बसला. आमच्याकडे तमादा उभा राहून बोलल्याशिवाय प्याला उचलत नाहीत, आणि शाक्रो बोलायला लागला की प्याला कोमट होतो. त्या दिवशी त्याने चहाची कपबशी उचलली, करंगळी बाहेर काढली आणि म्हणाला, "आपल्याला हा चहा ज्यांनी शिकवला त्यांच्या आरोग्यासाठी."

साहेब तेदोच्या उजव्या हाताला बसले होते. त्यांच्यापुढे वेगळी निळी किटली होती. तिचं पाणी मधल्या रांजणातून त्यांच्या देखत काढलेलं, चहापत्ती टाकून उकळलेला खरा, कोरा चहा. ते एकेक घोट घेत होते. शाक्रो वाडवडिलांसाठी बोलला, चहा. माहेरासाठी, चहा. आईबापांसाठी बोलला तेव्हा म्हाताऱ्या बायकांनीही कपबश्या तळापर्यंत रिकाम्या केल्या. शाळेचे हेडमास्तर चहाचा तिसरा कप पिऊन उठले आणि नाचायला लागले. गेला मास्तर नव्या कोटात घामाघूम होऊन साहेबांच्या पेन्सिलकडे बघत होता. एतेरीने टेबलाखाली त्याचा हात धरून ठेवला होता. पेन्सिल खिशातच होती.

"तुमच्याकडे लोकांना चहा चांगला चढतो," साहेब म्हणाले.

"डोंगरातली हवा हाय साहेब," तेदो म्हणाला.

शाक्रो आता एतेरीसाठी उभा राहिला. बोलता बोलता त्याला ती लहान असतानाचं काही आठवलं आणि तो थांबला. तेवढ्यात साहेबांनी आपला कप टेबलावर पुढे सरकवला, नुत्सासमोर. "बाई," ते म्हणाले, "माझ्या किटलीतला चहा फार फिका आहे. लेकीसाठी प्यायचं म्हणजे... त्या दुसऱ्या किटलीतला द्या."

टेबलाचा तो कोपरा गप्प झाला, मग पुढचा, मग शेवटापर्यंत सगळं लग्न. गेलाचा चेहरा पांढरा पडला. बेसो उभ्या उभ्या टोपी सरळ करू लागला. नुत्साने तेदोकडे पाहिलं. तेदोने खांदे आत ओढले, मग सोडले, आणि मान हलवली. तिने टवका उडालेली पांढरी किटली उचलली आणि साहेबांचा कप काठोकाठ भरला.

साहेबांनी वास घेतला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. कप खाली ठेवला आणि डोळे मिटून बसले. काहीच बोलेनात.

तेदो मनात मोजत होता. शेजारी नुत्साचे ओठ हलत होते. सहा, सात, आठ.

"साहेब," नुत्सा म्हणाली, "गा की काहीतरी. न्हाईतर आम्हाला वाटंल बुडालात."

साहेबांनी डोळे उघडले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी घुमाराच देतो," ते म्हणाले. "वरचा सूर मला जमत नाही. यजमानांनी उचलावा."

तेदोने उचलला. बारीक कोरडा घुमारा खाली आला, त्याला नुत्साचा मिळाला, मधला सूर शाक्रोने धरला, आणि मग चारशे माणसांना कुणी आवरणार नव्हतं. एतेरीने आपल्या रांजणाचा चहा उभ्याने, एका दमात प्यायला.

तालुक्याला गेलेल्या कागदाची नक्कल पुढे बेसोने पाहिली. लिहिलं होतं: लग्न चहावर पार पडले. पाण्याची सोय समाधानकारक. वाढलेला चहा गडद होता. गेलाची शाळेतली जागा राहिली, आणि आदर्श म्हणून नावही छापून आलं.

सोमवारी दुपारी तेदो एतेरीच्या रांजणात उतरला. चारशे माणसांनी तो असा रिकामा केला होता की ओगराळ्याला तळ लागला होता. पण रिकामा ठेवून भागत नाही. उद्या नातवंड होईल, त्याला काय सांगायचं. उपटलेल्या वेलांच्या ढिगातून त्याने गुपचूप आणलेल्या काड्या परसाच्या कुंपणाला लागल्या होत्या, पालवल्या होत्या. हुकूम येतात, जातात. रांजण धुतलेला असला पाहिजे.

तो घासत होता, गात होता. वर नुत्साचा घुमारा, दोर तिच्या मनगटाला, शेजारी कोंबडी रागाने बसलेली. तेदोला लहर आली. तो गाता गाता गप्प झाला, तोंडावर हात धरून हसू दाबत मोजायला लागला.

तीन म्हणेपर्यंत बादली आली.